बूम, शिडाच्या नौकेतील

डोलकाठीच्या मागील बाजूस जवळजवळ आडवी बसविलेली आणि मुख्य शिडाची खालची कड ताणून धरणारी काठी. बूममुळे शिडाचा आकार व त्याचा वाऱ्याशी होणारा कोन यांवर नियंत्रण ठेवता येते. कोकण किनाऱ्यावरील मचव्यासारख्या पारंपरिक नौकांच्या लतीन शिडाला वरच्या कडेस तिरपी काठी असते, खाली बूम नसतो. याउलट गोव्यात बांधलेल्या ज्या ‘म्हादेई’ नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिच्या त्रिकोणी मुख्य शिडाला बूम होता.

रचना : बूमचे पुढील टोक डोलकाठीस दोन दिशांनी फिरणाऱ्या बिजागरी सांध्याने जोडतात. शिडाचा मागील खालचा कोपरा एका दोराने बूमच्या मागील टोकाकडे ओढून ताणतात. कप्प्यांमधून ओवलेल्या मुख्य दोराने बूम आत ओढतात वा बाहेर सोडतात. डोलकाठीच्या पायथ्यापासून बूमकडे तिरपा जाणारा ताण-दोर बूमला वर उचलला जाऊ देत नाही, तर डोलकाठीच्या शेंड्यावरून येणारा दोर शीड उतरविल्यावर बूमचा भार पेलतो. वारा वाढला की शिडाचा खालचा पट्टा बूमशी बांधून शीड लहान करतात. पूर्वी त्यासाठी बूमच फिरवून त्याभोवती शीड गुंडाळीत. काही आधुनिक नौकांत शीड पोकळ बूममध्येच गुंडाळले जाते.

भार व आकार : मुख्य दोर बूमच्या टोकास जोडल्यास थोड्या बलाने काम भागते, मध्यावर जोडल्यास सुमारे दुप्पट बल लागते व बूमवर नमनाचा ताण वाढतो. मात्र मध्यावरील जोडणीमुळे नौकेच्या मागील भागातील बसण्याची जागा मोकळी राहते, म्हणून पर्यटन-नौकांत ती पुष्कळदा स्वीकारतात. अशा वेळी बूमचा छेद अधिक भक्कम घ्यावा लागतो. भरीव आयताकृती छेदाची उंची दुप्पट केल्यास त्याची उभ्या दिशेतील दृढता आठपट होते. यामुळे बूमचा छेद सामान्यतः उभट ठेवतात. १९३० च्या अमेरिका चषक शर्यतीतील ‘एंटरप्राइझ’ नौकेचा बूम मात्र मुद्दाम रुंद केला होता, जेणेकरून शिडाच्या खालच्या कडेस योग्य वक्राकार देता यावा.

पदार्थ : पूर्वी बूम लाकडाचे, विशेषतः स्प्रूसचे, करीत. स्प्रूसचे वि. गु. सुमारे ०·४, तर ॲल्युमिनियमचे २·७ आहे. वजनाच्या मानाने दोहोंची दृढता जवळजवळ सारखीच भरते. परंतु लाकडास वारंवार रोगण द्यावे लागते व सांध्यांत पाणी मुरून ते कुजते. म्हणून आता बहुतेक पर्यटन-नौकांत ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, बहिःसारणाने घडविलेले पोकळ बूम वापरतात. त्यांवर अगंज (स्टेनलेस) पोलादाचे भाग बसविले असता खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचे संक्षारण होते. ते टाळण्यासाठी दोन धातूंमध्ये निरोधक थर घालतात. कार्बन तंतू व एपॉक्सी रेझीन यांचा बूम अधिक हलका व दृढ, परंतु बराच महाग असतो. अतिभाराने तो न वाकता एकदम मोडतो. सूर्यप्रकाशापासून रक्षणासाठी त्यास रंग देतात. कार्बन विद्युत् संवाहक असल्याने त्याला लागून असलेले ॲल्युमिनियम लवकर झिजते. दूरच्या बंदरात दुरुस्ती सुलभ व्हावी, म्हणून लांबच्या प्रवासाला ॲल्युमिनियमच सामान्यतः सोयीचे ठरते.

सुरक्षितता : मागून वारा असताना नौकेची दिशा थोडी चुकली, तर वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूस जातो आणि बूम प्रचंड वेगाने एका बाजूकडून दुसरीकडे फेकला जातो. त्याच्या आघाताने डोक्यास प्राणघातक इजा होते किंवा माणूस समुद्रात पडतो. बूम हलका असला तर आघाताची तीव्रता काहीशी कमी होते, पण धोका टळत नाही. विख्यात फ्रेंच नाविक एरिक ताबार्ली यांचा जून १९९८ मध्ये आयरिश समुद्रात असाच अंत झाला. त्यांना लागलेली काठी शिडाच्या वरच्या कडेची होती. हा धोका टाळण्यासाठी बूमच्या मागील टोकापासून नौकेच्या पुढील भागाकडे रोधक दोर बांधतात. तो बूमच्या मध्यावर बांधू नये. कारण नौका कलून टोक लाटेत बुडाल्यास बूम तेथेच मोडण्याचा संभव असतो. बूम उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच व मागील बाजूस किंचित चढता ठेवणे, हाही आखणीतील महत्त्वाचा नियम होय.