चहा, यकृत आणि मूत्रपिंड

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी आटोपून केडगावला परतणारा कामगार घर गाठण्यापूर्वी टपरीवर थांबतो. पाळीत चार-पाच कप चहा झालेलाच असतो. ‘एवढ्या चहाने किडन्या खराब होतात का?’ हा प्रश्न आम्हांला सभेनंतर हमखास विचारला जातो. आम्ही वैद्य नव्हे. वाचून जे उमगले ते सांगतो.

चहातील तरतरी आणणारे द्रव्य म्हणजे कॅफीन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याने ते १८१९ साली कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. पोटात गेलेले कॅफीन पाऊण तासात बहुतेक सगळे रक्तात उतरते. मूत्रपिंड ते गाळते खरे, पण त्यातले बरेचसे पुन्हा रक्तात शोषले जाते. मूळ रूपात लघवीवाटे जातात ते शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग. म्हणून आधी यकृताला त्याचे रूप पालटावे लागते. मग तो माल मूत्रपिंड बाहेर टाकते.

निरोगी माणसाच्या यकृताला निम्मे कॅफीन संपवायला सुमारे पाच तास लागतात. पहाटे चारच्या कपातले निम्मे, सकाळी नऊला कामगार अंथरुणावर पडतो तेव्हाही रक्तात असते! विडीच्या धुराने यकृताचे हे काम वेगाने होते. म्हणून विडी सोडणाऱ्याला पूर्वीचाच चहा अधिक बाधतो. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत आणि यकृत सुकलेल्या रोग्यात हा काळ कितीतरी लांबतो. कप सारखा असला तरी चहा सर्वांना सारखा नसतो, तो यामुळे.

यकृताच्या हातून सुटेपर्यंत कॅफीन करते काय? शरीरात अ‍ॅडेनोसिन नावाचा एक निरोप्या आहे. मेंदूला तो थकव्याची वर्दी देतो. मूत्रपिंडाला मीठ-पाणी राखायला सांगतो. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, त्याची तक्रार तेवढी पोचत नाही. आणि लघवी वाढते. रोज पिणाऱ्यात ही वाढ फारशी उरत नाही.

तेव्हा बेताच्या चहाने निरोगी मूत्रपिंड बिघडते, असे म्हणता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन चालेल असे ठरवले. गरोदर स्त्रीला २००. आपल्या लहान कपात ते साधारण तीस ते पन्नास असते.

मूत्रपिंडाचा खरा घात होतो तो भट्टीपुढे घामाने सुकलेल्या अंगाने पाण्यावाचून राबण्यात, आणि त्यातच अंगदुखीच्या गोळ्या गिळण्यात. चहा तहान-थकव्याला गप्प बसवतो, म्हणून हा घात लवकर ध्यानात येत नाही. पिण्याचे पाणी पुरवण्याची जबाबदारी १९४८च्या कारखाने कायद्यानेच मालकावर टाकली होती. तेव्हा चहा जरूर घ्यावा; पण पाणी आणि विसावा यांच्या बदल्यात तो कोणी देऊ लागला, तर मात्र घेऊ नये.