साक्ष चालत नाही, तारण चालते

अठराव्या शतकातल्या कॅरिबियन बेटांवर कायदा होताच कुठे, मळेवाल्याचा चाबूक हाच कायदा, असे आपण सहज म्हणून जातो. जमैकाची तेव्हाची राजधानी स्पॅनिश टाउन. तिथल्या न्यायालयातले कज्जे पाहिले की हे म्हणणे टिकत नाही. उसाचा मळा उधारीवर चाले. इंग्लंडमधले व्यापारी पुढच्या साखरेवर उचल देत, आणि पीक बुडाले की फिर्याद, जप्ती, लिलाव. वकिलांची चूल पेटे ती यावर. ब्रिटिश पार्लमेंटने १७३२ साली खास कायदा करून वसाहतींतल्या जमिनी, घरे आणि गुलाम कर्जवसुलीसाठी विकण्याची वाट मोकळी केली. मळ्याच्या गहाणखतात तांब्याच्या कढया आणि खेचरे यांच्या जोडीला माणसांची नावेही लिहिलेली असत. ज्याचे नाव तारण म्हणून चाले, त्याची साक्ष मात्र गोऱ्या माणसाविरुद्ध चालत नसे. गुलामाविरुद्ध ती बिनदिक्कत चाले. जेम्स स्टीफन हा तरुण इंग्रज वकील १७८३ साली सेंट किट्सला जाताना बार्बाडोसमध्ये थांबला. गोऱ्या माणसाच्या खुनाबद्दल चार गुलामांवर तिथे चाललेला खटला त्याने पाहिला. पुरावा तोकडा होता, तरी त्यांतल्या दोघांना जिवंत जाळण्यात आले.

यावर कुणी म्हणेल, फ्रेंच बेटांत तर गुलामांना संरक्षण देणारी कलमे होती, ती कागदावरच राहिली एवढेच. कलमे होती हे खरे. १६८५ च्या 'कोड न्वार' या गुलामांविषयीच्या फ्रेंच कायद्याने मालकाला गुलामाचा छळ करण्याची मनाई केली होती. १७८८ मध्ये सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतल्या लझन नावाच्या मळेवाल्याविरुद्ध त्याच्याच १४ गुलामांनी तक्रार केली. चौकशीला गेलेल्यांना पाय भाजलेल्या दोन स्त्रिया बेड्यांत सापडल्या. मळेवाल्यांनी एकजुटीने दबाव आणला आणि लझन सुटला. पण मग गहाणखत हाही कागदच होता. त्याची वसुली शेवटच्या खेचरापर्यंत कशी व्हायची? कायद्यात ताकद भरपूर होती. ती कुणाच्या कामी लावायची, हे मळेवाले आणि त्यांचे सावकार ठरवत.

सगळेच वकील मळेवाल्यांचे मिंधे नव्हते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्यासाठी पुन्हा स्टीफनकडेच बोट दाखवता येईल. मात्र सेंट किट्सवर वकिली चालू असेपर्यंत तो गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटमध्ये लढणाऱ्या विल्बरफोर्सला गुलामगिरीविषयीची माहिती पुरवी ती गुपचूप. उघड बोलला असता तर बेटावर त्याला अशील मिळाले नसते. १७९४ मध्ये तो इंग्लंडला परतला. पुढे १८०६ साली परकीय वसाहतींना गुलाम पुरवण्यावर बंदी घालणारे विधेयक पार्लमेंटपुढे आले, ते बेतण्यात त्याचाच हात होता. त्यात दयेचा मुद्दा त्याने मुद्दाम मागे ठेवला आणि शत्रूच्या व्यापाराला खीळ घालणारा युद्धकालीन उपाय म्हणून ते पुढे केले.