सात वर्षांच्या मुलीची संमती

२०१७ सालच्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयापुढे आपली कैफियत मांडताना असे नमूद केले, की भारतात स्त्रीच्या जननेंद्रियाचे छेदन होते असे दर्शविणारी कोणतीही अधिकृत आकडेवारी उपलब्ध नाही. दफ्तराच्या दृष्टीने हे विधान बिनचूक असेलही; परंतु ज्या विधीला आजी, सुईण आणि सात वर्षांची मुलगी यांवाचून साक्षीदार नसतो, ज्याची वार्ता पुष्कळदा मुलीच्या बापालाही नसते, आणि ज्याविषयी कोणापाशी अवाक्षर काढू नये अशी ताकीद मुलीस त्याच दिवशी मिळते, त्याची नोंद कोणत्या कचेरीत व्हावी?

दाऊदी बोहरा समाजात हा विधी खतना किंवा खफ्ज या नावाने चालत आला आहे, आणि या समाजाचे धर्मपीठ मुंबईत असल्यामुळे भेंडीबाजाराच्या बोहरी मोहल्ल्याशी त्याच्या कितीतरी आठवणी निगडित आहेत. मासूमा रानालवी यांच्यासारख्या ज्या बोहरा स्त्रियांनी अलीकडच्या काळात धैर्याने आपली हकीकत जाहीर केली, त्यांच्या कथनांत विलक्षण साम्य आढळते. खाऊचे किंवा फिरायला नेण्याचे आमिष दाखवून आजी मुलीला घेऊन निघते. जुन्या इमारतीतली अंधारी खोली, तिथे एक अनोळखी वृद्धा. मुलीला निजवून तिचे पाय घट्ट धरले जातात, पाते लागते, जखमेवर काळी पूड दाबली जाते, आणि पुढे कित्येक दिवस लघवीला जाताना अंगाची आग होते. जखम यथावकाश भरते; पण जिच्या कुशीत निर्धास्त झोपावे तीच आपल्याला फसवून तिथे घेऊन गेली, हे शल्य पन्नाशीतही सलत असल्याचे या स्त्रिया सांगतात. ‘सहियो’ या संस्थेने जगभरच्या ३८५ बोहरा स्त्रियांना विचारले तेव्हा सुमारे ८० टक्के स्त्रियांनी आपला खतना झाल्याचे सांगितले, आणि वय बहुधा सात वर्षांच्या आसपासचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने या छेदनाचे चार प्रकार मानले आहेत. सोमालिया, सुदान येथे आढळणाऱ्या सर्वांत क्रूर प्रकारात अवयव कापून योनिमार्गच शिवून टाकतात, आणि त्या स्त्रीला मासिक पाळीपासून बाळंतपणापर्यंत पदोपदी यातना भोगाव्या लागतात. बोहरा समाजातला प्रकार त्या मानाने सौम्य, म्हणजे शिश्निकेवरील त्वचेचे आवरण कापण्याचा. परंतु हातपाय झाडणाऱ्या बालिकेच्या इतक्या कोवळ्या, इतक्या संवेदनशील जागी पाते चालवताना ते नेमके त्वचेपाशीच थांबेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढे वैवाहिक संबंधांत वेदना आणि भीती, ही हानी वैद्यकीय दृष्ट्या मान्य झालेली आहे. लाभ मात्र एकही नाही. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून अधिक स्त्रिया व मुली या छेदनातून गेल्या आहेत.

समर्थकांची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. खतना चालू राहावा असे मानणाऱ्या बोहरा स्त्रिया न्यायालयात रुजू झाल्या आहेत. दहाव्या शतकातील फातिमी धर्मशास्त्री काझी नोमान यांच्या ग्रंथाचा आधार, शुचितेची भावना, आणि मुलग्यांची सुंता चालते तर आमच्यावरच कटाक्ष का, हा त्यांचा सवाल. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये तर असे छेदन स्त्रियांच्या मंडळात प्रवेश देणारा मानाचा संस्कार समजला जातो. या समर्थक स्त्रियांना अडाणी ठरवून मोकळे होणे मला अनुदारपणाचे वाटते. मुलग्यांविषयीचा सवालही स्वतंत्र विचारास पात्र आहे. तथापि स्त्रीची कामवासना आवरावी हा हेतू अनेकींनी स्वतःच बोलून दाखविला आहे, आणि ज्या वासनेची त्या मुलीला अजून ओळखही नाही तिचा बंदोबस्त तिच्या वतीने करण्याची मुखत्यारी कोणालाही असू शकत नाही.

धर्मात सरकारने हात घालू नये, हा आक्षेप महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारा झाली, तेव्हा टिळकांनी याच भूमिकेवरून विरोध केला आणि आगरकरांनी सुधारणेचा पक्ष घेतला. वाद हिंदू घरांतल्या मुलींचा होता. म्हणून या प्रश्नाकडे एका अल्पसंख्य समाजाचा दोष म्हणून बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि त्या समाजाचा खाजगी मामला म्हणून पाठ फिरविण्याचाही नाही.

ऑस्ट्रेलियात बोहरा समाजातील एका खटल्यात आरोपी दोषी ठरल्यावर, २०१६ मध्ये सिडनी, लंडन येथील जमातींनी आपल्या अनुयायांना स्थानिक कायदा पाळून खतना करू नये असे कळविले, आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लहानशी चीरही छेदनच होय असा निर्णय दिला. परदेशात जो विधी वगळता येतो तो मुंबईत अपरिहार्य कसा? आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापुढील खतन्याचे प्रकरण २०१८ साली मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले. परंतु त्याच वर्षी महान्यायवादींनी न्यायालयास सांगितले, की हे कृत्य प्रचलित कायद्यांखालीही गुन्हाच आहे. सुईणीऐवजी डॉक्टरांकडून हे काम करून घेण्याकडे आता काही कुटुंबांचा कल आहे, सबब माझे आर्जव मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना आहे: मुलीला घेऊन आलेल्या आजीला बसवून घ्या, तिचा अपमान न करता तिला सगळे समजावून सांगा, आणि शस्त्र हाती घेण्यास निक्षून नकार द्या.