जेम्स वेल्स (चित्रकार)

जेम्स वेल्स (जन्म : १७४७, पीटरहेड, स्कॉटलंड, मृत्यू : नोव्हेंबर १७९५, साष्टी) हे स्कॉटिश चित्रकार होते. इ.स. १७९१ ते १७९५ या अवघ्या चार वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी मुंबई बेटावरील निसर्गदृश्ये, पुण्यातील पेशवे दरबाराची व्यक्तिचित्रे आणि पश्चिम भारतातील लेण्यांची रेखाटने केली. मराठी वाचकांना त्यांचा परिचय असतो तो बहुधा नकळत, सवाई माधवराव व नाना फडणवीस यांच्या चित्रामुळे. निसर्गदृश्यकार वेल्स मात्र बराचसा अपरिचितच राहिला आहे.

== पूर्वायुष्य आणि भारतात आगमन ==

वेल्स यांचे शिक्षण अ‍ॅबर्डीन येथील मारिशल कॉलेजात झाले. चित्रकला त्यांनी मुख्यतः स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली. लंडनमध्ये काही काळ चित्रे प्रदर्शित केल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी मिळवून ते १७९१ मध्ये मुंबईत दाखल झाले. चरितार्थाचे साधन व्यक्तिचित्रण हेच होते, परंतु ओढ डोंगर, समुद्र आणि प्राचीन अवशेषांची होती. युरोपात त्या काळी स्वच्छंदतावादाची पहाट होत होती. रेखीव उद्यानांपेक्षा उग्र कडे, भग्न वास्तू आणि निसर्गापुढे खुजा भासणारा माणूस हे विषय चित्रकारांना मोहवू लागले होते. या संप्रदायाचे अग्रणी टर्नर आणि कॉन्स्टेबल त्या वेळी किशोरवयात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे वेल्स यांचा काळ नेमका कळतो.

== मुंबईची दृश्ये ==

१७९१ व १७९२ या वर्षांत वेल्स यांनी मुंबई बेट व परिसराची बारा दृश्ये चितारली. त्यांचा मुद्राचित्रसंग्रह वेल्स यांच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. मलबार टेकडी, माझगावची बेलमाँट टेकडी, शीवचा किल्ला अशा उंच जागांवरून दिसणारे बंदर, खाड्या व डोंगररांगा त्यांत आहेत. लव्हग्रोव्ह येथून दिसणाऱ्या 'ब्रीच'चे दृश्य विशेष उल्लेखनीय आहे. ब्रीच म्हणजे महालक्ष्मी व वरळी यांच्या दरम्यान समुद्राचे पाणी आत शिरण्याची वाट. ती अडवण्यासाठी हॉर्नबी वेलार्ड हा बांध घातला गेला. आज याच भागात उंच इमारती दाटल्या आहेत. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीची मुंबई कशी होती, हे भूगोलाच्या अभ्यासकालाही या चित्रांतून पडताळता येते. अर्थात सौंदर्यदृष्टीने केलेली मांडणी त्यांत आहेच. ती जशीच्या तशी नकाशा म्हणून वाचू नयेत.

== पुणे आणि गंगाराम तांबट ==

पुणे दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयामुळे वेल्स पुण्यास आले. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे त्यांनी काढलेले चित्र १७९२ मधील असून ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. महादजी शिंदे यांचेही चित्र त्यांनी काढले. मॅलेट यांच्या पुढाकाराने व पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली. तिथे स्थानिक कारागिरांना पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकवले जाई.

या शाळेशी जोडलेले सर्वांत महत्त्वाचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट यांचे आहे. त्यांना केवळ वेल्स यांचा मदतनीस म्हणणे योग्य ठरणार नाही. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांचे चित्र १७९० मधील, म्हणजे वेल्स भारतात येण्यापूर्वीचे आहे. वेरूळच्या लेण्यांची रेखाटनेही त्यांनी मॅलेट यांच्यासाठी केली. मॅलेट यांचा वेरूळविषयीचा लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला. त्यासोबतची चित्रे गंगाराम यांच्या रेखाटनांवर आधारलेली आहेत.

== लेण्यांची चित्रे आणि मृत्यू ==

१७९३ मध्ये थॉमस डॅनियल व त्यांचे पुतणे विल्यम हे प्रख्यात निसर्गचित्रकार मुंबईत आले. त्यांच्या सहवासात वेल्स यांचा लेण्यांचा ध्यास अधिकच वाढला. घारापुरी, कार्ले, कान्हेरी आणि वेरूळ येथे त्यांनी काम केले. अखंड कातळातून कोरलेले कैलास लेणे म्हणजे स्वच्छंदतावादी दृष्टीला हवे ते सारे एकाच ठिकाणी होते : उंच कडा, गाढ छाया, कातळावर रुजलेली झुडपे. मात्र वेल्स केवळ भव्यतेने भारावून थांबत नसत. त्यांनी स्तंभ व दालनांची मापेही घेतली.

साष्टीतील लेण्यांच्या कामात असतानाच ताप येऊन नोव्हेंबर १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी काही दिवस, ऑक्टोबरमध्ये, सवाई माधवरावांचाही शनिवारवाड्यात अंत झाला होता. वेल्स यांच्या मुलींना मॅलेट यांनी आधार दिला आणि १७९९ मध्ये त्यांपैकी सुझॅना हिच्याशी विवाह केला.

वेल्स यांची अपुरी राहिलेली रेखाटने मॅलेट यांच्यामार्फत थॉमस डॅनियल यांच्याकडे गेली. त्यांवरून वेरूळची चोवीस मुद्राचित्रे १८०३ मध्ये लंडनला प्रकाशित झाली. शीर्षकपृष्ठावर वेल्स यांचे नाव मूळ रेखाटनकार म्हणून आहे. गंगाराम यांचे नाही. १७९० च्या तहाच्या प्रसंगी भरलेल्या पुणे दरबाराचे भव्य तैलचित्रही डॅनियल यांनी १८०५ मध्ये वेल्स यांच्या रेखाटनांच्या आधारे पूर्ण केले. तो दरबार वेल्स यांनी पाहिला नव्हता, कारण ते भारतात पोहोचले त्यानंतर एका वर्षाने.

वेल्स व गंगाराम यांची अनेक मूळ रेखाटने आज अमेरिकेतील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संग्रहालयात जतन केलेली आहेत.