जुन्या डेस्कटॉप संगणकाचे मर्यादित खर्चात नूतनीकरण : दक्षिण व मध्य मुंबईतील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :

संगणक जुना झाला म्हणजे त्याचे नेमके काय झाले, हा प्रश्न महाविद्यालयांत सहसा विचारला जात नाही. विचारला जातो तो 'नवे संगणक केव्हा घ्यायचे' हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर अनुदान, विकास निधी व खरेदी समितीची बैठक यांच्या फेऱ्यात अडकून पडते. दरम्यान प्रयोगशाळेतील यंत्र सुरू होण्यास दहा मिनिटे घेते आणि पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेतील उरलेल्या वेळात विद्यार्थ्याला काय शिकवावे, हा पेच शिक्षकापुढे राहतो. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर विचारले जात आले आहे. त्या गुणोत्तरात चालणारा संगणक आणि कण्हणारा संगणक यांची किंमत सारखीच धरली जाते, हे या मोजपट्टीचे मोठे वैगुण्य होय.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले आणि हा प्रश्न अधिक तीव्र झाला. २०१२ ते २०१७ या काळात घेतलेली बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून ती भंगारात काढावीत काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा तांत्रिक आणि आर्थिक अंगांनी विचार केला आहे. गिरगाव ते दादर या पट्ट्यातील महाविद्यालयांना एक सोय अशी की, सुट्या भागांची मुंबईतील सर्वांत मोठी बाजारपेठ त्यांच्या दाराशी आहे.

मंदपणाचे निदान :

खर्च करण्यापूर्वी निदान करावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक रेंगाळत असताना त्यातील तीन आकडे पाहावेत : प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क. दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रात बहुधा असे आढळते की प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर निवांत असतो आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर अडकलेली असते. म्हणजे दोष ज्याला दिला जातो तो भाग निर्दोष असतो.

याचे कारण हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. डेस्कटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात; हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. वाचनशीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एका शोधास असे तेरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला पंचाहत्तरच्या आसपास शोध होतात. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फाइली वाचाव्या लागतात. त्या तबकडीवर विखुरलेल्या असतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या मोठ्या ग्रंथालयात वाचकाने एक ओळ मागावी आणि सेवकाने प्रत्येक ओळीसाठी मांडणीपर्यंत जाऊन यावे, तशी ही अवस्था असते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जुन्या मदरबोर्डवर साटाची दुसरी पिढी असते, तिची कमाल गती सेकंदाला ३०० मेगाबाइट, तर तिसऱ्या पिढीची ६०० मेगाबाइट. म्हणून 'जुन्या यंत्रात एसएसडी वाया जाते' असे दुकानदारही सांगतात. हे अर्धसत्य आहे. प्रचंड आकाराची एकच फाइल हलविताना हा फरक जाणवेल. परंतु यंत्र सुरू होणे, वर्ड उघडणे, ब्राउझर उघडणे या कामांत लाभ होतो तो शोधाचा वेळ वाचल्याने, आणि तो दोन्ही पिढ्यांत मिळतो. केवळ आयडीई जोडणी असलेल्या, २००५ च्या आधीच्या यंत्रांवर मात्र पैसा घालू नये.

आधी बिनखर्चाचे उपाय :

समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत धातूच्या जोडांवर थर चढतो. रस्त्यावरची आणि बांधकामांची धूळ त्यात मिसळते. संगणक सुरूच होत नाही किंवा मध्येच निळा पडदा येतो, तेव्हा मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलकेच पुसल्या आणि ती पुन्हा घट्ट बसविली, एवढ्यावर काम भागल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्या कोणाकडेही ऐकावयास मिळतात. वीजजोडणी काढून आणि कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून मगच हे करावे. पंख्यातील धूळ काढावी आणि प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. तापलेला प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो, त्यामुळे ही स्वच्छतादेखील एका अर्थी नूतनीकरणच ठरते.

मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. ती संपली की यंत्राची तारीख प्रत्येक वेळी मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जात असल्याने ब्राउझर ती संकेतस्थळे नाकारतो आणि दोष इंटरनेट सेवेला दिला जातो. एसएमपीएसमधील किंवा मदरबोर्डवरील कपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले, तर मात्र एसएसडी आणण्याआधी थांबावे. फुगलेल्या कपॅसिटरचा मदरबोर्ड कधी दगा देईल ते सांगता येत नाही. हिंदमाता, परळ या भागांत पावसाळ्यात पाणी साचते, तेव्हा तळमजल्यावरील प्रयोगशाळेत कॅबिनेट जमिनीवर ठेवू नयेत, हे सांगावयास नको. तरीही ती जमिनीवरच आढळतात.

मेमरी :

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफरॅक' या संगणकाची चुंबकीय स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे सुमारे १० किलोबाइट होती. आज ८ जीबी म्हणजे तिच्या आठ लाख पटींहून अधिक स्मृती असूनही ब्राउझरची दहा पाने उघडताच ती अपुरी पडते. ४ जीबी मेमरीच्या यंत्रात ती संपल्यावर प्रणाली डिस्कचाच काही भाग स्मृती म्हणून वापरू लागते. डिस्क मंद असेल तर दुहेरी मार बसतो. म्हणून प्रथम एसएसडी, त्यानंतर ८ जीबीपर्यंत मेमरी हा क्रम योग्य ठरतो. १६ जीबीचा आग्रह भाषा किंवा वाणिज्य विभागाच्या प्रयोगशाळेत अनाठायी होय.

डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या पट्ट्या परस्परांच्या जागी बसत नाहीत. पहिलीला २४० जोड आणि १.५ व्होल्ट, दुसरीला २८८ जोड आणि १.२ व्होल्ट, खाचाही वेगळ्या जागी. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत नेणे हा चूक टाळण्याचा साधा मार्ग आहे. आणखी एक : यंत्रात ३२-बिट विंडोज असेल तर तिला ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ जीबीपलीकडचे पत्तेच वापरता येत नाहीत. तेथे मेमरी वाढविण्यापूर्वी ६४-बिट प्रणाली घालावी लागते.

खर्चाचा हिशेब :

२०२४ च्या सुमारास २५६ जीबीची साटा एसएसडी दीड ते दोन हजार रुपयांत आणि ८ जीबीची डीडीआर-४ पट्टी जवळपास तेवढ्यात मिळत असे. तेव्हा एका नव्या संगणकाच्या तीस हजारांत सात-आठ जुनी यंत्रे वापरण्याजोगी होत. २०२५ च्या अखेरीपासून हे गणित बिघडले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहितीकेंद्रांची मागणी वाढल्याने उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळविली आणि साध्या मेमरीचे भाव झपाट्याने चढले. यावरून नूतनीकरण निरर्थक ठरते असे नाही, कारण नव्या संगणकातही तीच महाग मेमरी असते. उलट महाविद्यालयातच दडलेली मेमरी शोधण्याचे महत्त्व वाढले आहे. मदरबोर्ड जळालेल्या आणि कोपऱ्यात रचून ठेवलेल्या यंत्रांतील पट्ट्या बहुधा सुस्थितीत असतात. एकाच जातीच्या तीन बंद यंत्रांतून दोन चालू यंत्रे उभी राहू शकतात. अडचण तांत्रिक नसून डेडस्टॉक नोंदवहीतील नोंदींची असते. प्राचार्यांच्या लेखी संमतीने सुट्या भागांची हस्तांतर-नोंद ठेवल्यास ती सुटते.

प्रणालीचा प्रश्न :

विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा सामान्यतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आडमार्गाने ती जुन्या यंत्रावर चढविता येते, पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्रांना अद्यतनांची हमी देत नाही. फारशी चर्चा न झालेली एक सवलत येथे नोंदविली पाहिजे. शैक्षणिक संस्थांना विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-अद्यतने प्रत्येक यंत्रामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर या दराने देऊ करण्यात आली. तीन वर्षांचे सात डॉलर, आणि मुदत ऑक्टोबर २०२८ पर्यंत. मात्र त्यासाठी संस्थेचा अधिकृत परवाना-करार असावा लागतो. बाजारातून घातलेल्या चोरट्या प्रतीवर ती मिळत नाही, आणि येथेच अनेकांची पंचाईत होण्याचा संभव आहे.

ज्या प्रयोगशाळेत टंकलेखन, तक्ते, सादरीकरण व इंटरनेट एवढेच काम चालते तेथे लिनक्स हा सन्माननीय पर्याय आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक, युनिकोड मराठी व लिब्रेऑफिस त्यावर विनासायास चालतात. लेखा विभाग व परीक्षा विभाग यांची आज्ञावली विंडोजवरच अवलंबून असल्याने तेथे हा प्रयोग करू नये. नवी यंत्रे त्यांना द्यावीत आणि त्यांची जुनी यंत्रे सुधारून प्रयोगशाळेत आणावीत.

मराठी दस्तऐवजांचे काय? :

नूतनीकरणात सर्वाधिक धोका यंत्राला नसून त्यातील मजकुराला असतो. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी उपलब्ध झाली, तरी पुढील अनेक वर्षे महाविद्यालयांतील मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या साधनांनी, त्यांच्या स्वतंत्र फॉन्टांत टंकित होत राहिला. अशा फाइलीत संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढविलेले असतात. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. वार्षिक अंक, लघुप्रबंध, गिरणगावातील चाळींची विद्यार्थ्यांनी केलेली सर्वेक्षणे असा ऐवज या स्वरूपात पडून असू शकतो. त्याची दुसरी प्रत छापील स्वरूपातही नसेल, तर प्रणाली नव्याने घालण्याच्या एका क्षणात तो नाहीसा होतो.

म्हणून डिस्क बदलण्यापूर्वी तिची संपूर्ण प्रत काढावी, फॉन्टांचा फोल्डर वेगळा जपावा आणि प्रत्येक फाइल कोणत्या फॉन्टात आहे याची यादी करावी. परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणलेला मजकूर वाचून तपासावा लागतो; रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास घसरतात. पेजमेकरमध्ये जुळविलेल्या अंकांची अडचण याहून मोठी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि इनडिझाइनच्या सीएस-६ नंतरच्या आवृत्त्या त्या फाइली उघडत नाहीत. त्या काळातील काही मराठी पॅकेजे डोंगल म्हणजे प्रिंटरच्या जोडणीत बसणाऱ्या कुलपाविना चालत नाहीत, आणि ती जोडणी नव्या यंत्रांवर सहसा नसते. अशा वेळी एक जुने यंत्र जसेच्या तसे, इंटरनेटपासून तोडून, केवळ या कामासाठी राखणे इष्ट ठरते. त्याला 'निरुपयोगी' ठरविण्यापूर्वी मराठी विभागाला विचारावे.

खरेदी आणि विल्हेवाट :

डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग अजूनही लॅमिंग्टन रोड या नावानेच ओळखला जातो. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ग्रँट रोड स्थानकापासून ही बाजारपेठ चालत गाठता येते. एकाच इमारतीत दोन दुकानांच्या भावांत फरक असतो. म्हणून तीन दरपत्रके घेणे ही येथे केवळ औपचारिकता नव्हे. पक्के जीएसटी बिल, त्यावर अनुक्रमांक आणि हमीचा कालावधी यांवाचून व्यवहार करू नये. अतिशय स्वस्त अनोळखी एसएसडीवर छापलेली क्षमता खरी असेलच असे नाही. दुकानातच जोडून, फाइली भरून पाहाव्यात.

उरलेल्या भागांसाठी ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. टाकाऊ यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे किंवा नूतनीकरण करणाऱ्याकडे जावीत अशी त्यांची अपेक्षा आहे, भंगारवाल्याच्या हातगाडीवर नव्हे. काढलेल्या हार्ड डिस्कवर गुणपत्रके, दूरध्वनी क्रमांक, शिष्यवृत्तीचे अर्ज असतात. फाइली केवळ 'डिलीट' केल्याने त्या पुसल्या जात नाहीत; संपूर्ण तबकडीवर एकदा नवी माहिती लिहावी लागते, आणि मोठ्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात. परीक्षा विभागातील डिस्क तर विकूच नये. तिच्यावर विभागाचे नाव, काढल्याची तारीख व अनुक्रमांक लिहून ती कुलूपबंद कपाटात ठेवावी आणि तोच अनुक्रमांक डेडस्टॉक नोंदवहीत मूळ यंत्राच्या नोंदीसमोर लिहावा. कारण कॅबिनेटचे निर्लेखन एका वर्षी होते, डिस्कचे दुसऱ्या वर्षी, आणि लेखापरीक्षक येतो तो तिसऱ्या वर्षी.