जोड तुटतो तेव्हा

एखादे यंत्र बंद पडले की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, 'काय तुटले?' कुशल कारागीर मात्र त्यापुढचाही एक प्रश्न विचारतो, 'का तुटले?' या दोन प्रश्नांमध्ये किती अंतर आहे, हे आपण या पाठात एका लहानशा सुट्या भागाच्या आधारे समजून घेऊ.

अमेरिकेत अनेक घरांभोवती मोठे आवार असते. तेथील गवत कापणे, साचलेले बर्फ दूर सारणे, भाजीचा लहानसा वाफा नांगरणे अशा कामांसाठी बागेचा ट्रॅक्टर वापरतात. शेतातील ट्रॅक्टरचे हे जणू धाकटे भावंडच! इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने 1961 मध्ये 'कब कॅडेट' या नावाने असे ट्रॅक्टर बाजारात आणले. 1981 मध्ये हा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्या जुन्या ट्रॅक्टरांपैकी कितीतरी आजही त्यांच्या मालकांनी हौसेने चालते ठेवले आहेत. त्यांच्या अनेक नमुन्यांत इंजिन पुढे, गिअरपेटी मागे आणि त्या दोहोंना जोडणारा पोलादी दांडा मध्ये, अशी रचना असते. हा दांडा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट. त्याला दुसऱ्या भागाशी जोडणारा सांधा म्हणजे कपलिंग.

कपलिंगची रचना सर्वत्र सारखी नसते. काही ट्रॅक्टरांत ती एक साधी पोलादी नळी असते. तिच्यातून आणि दांड्यातून आरपार एक पिन ठोकलेली असते. काहींत दोन पोलादी पंजांच्या मध्ये रबर व कापड यांच्या थरांची लवचीक चकती असते. इंजिन चालू असताना थरथरते, दांडा किंचित वरखाली होतो. ही हालचाल आणि बसणारे लहानसहान धक्के ती चकती स्वतःवर घेते. गिअरपेटीपर्यंत पोहोचू देत नाही.

या लहानशा सांध्यावर किती भार येत असेल? 10 अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला 3600 फेरे घेत आहे, असे समजू. दांडाही त्याच वेगाने फिरत असेल, तर तो सेकंदाला 60 फेरे घेईल आणि त्याला मिळणारा पीळ सुमारे 20 न्यूटन-मीटर असेल. दांड्याचा व्यास 16 मिलिमीटर धरला, तर त्याच्या पृष्ठभागाशी हे बल सुमारे 2500 न्यूटन होते. म्हणजे जवळजवळ 250 किलोग्रॅम वजनाइतके. पिनेच्या दोन टोकांत ते विभागले, तरी प्रत्येक टोकावर सव्वाशे किलोचा भार येतो. हा झाला संथ चालीतला भार. क्लच एकदम सोडला किंवा गवत कापणारे पाते दगडावर आदळले, तर क्षणभर तो कितीतरी पटींनी वाढतो.

कपलिंग तुटण्यापूर्वी बहुधा सूचना देते. चालताना खडखड ऐकू येते, पायाखाली थरथर जाणवते, दांड्याखाली रबराचा काळा चुरा पडलेला दिसतो. अखेरीस एक दिवस इंजिन व्यवस्थित चालते; पण चाके जागची हलत नाहीत.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी स्वतःची सुरक्षा पाहावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. स्पार्क प्लगची तार काढून बाजूला ठेवावी व बॅटरीची ऋण तार सोडवावी. हात दांड्याजवळ असताना इंजिन चुकूनही सुरू होता कामा नये.

यानंतर दांडा आणि कपलिंग यांवर खडूने खूण करावी. म्हणजे पुन्हा जोडताना गोंधळ होत नाही. गंजलेल्या पिनेवर गंज सुटण्याचे तेल सोडून काही तास थांबावे. दांड्याला खालून भक्कम आधार द्यावा आणि पिनेपेक्षा किंचित बारीक पंच लावून ती ठोकून काढावी. आधार न देता हातोडी चालवली, तर पिन निघण्याऐवजी दांडाच वाकण्याची भीती असते.

तुटलेला भाग हाती आला, म्हणजे काम संपले असे नाही. खरी परीक्षा येथूनच सुरू होते. दांडा सपाट काचेवर हळूहळू लोळवून पाहावा. तो वाकलेला असेल, तर काचेखाली धरलेल्या डोळ्याला मध्येच फट दिसते. पिनेचे छिद्र गोल आहे की लांबट झाले आहे, हे पाहावे. इंजिनाखालची रबरी बैठक दबली आहे का, दांड्याच्या टोकाचे बेअरिंग झिजले आहे का, हेही तपासावे. इंजिन आणि गिअरपेटी एका रेषेत नसतील, तर लवचीक चकती प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि पुन्हा सरळ होते. सेकंदाला 60 वेळा होणारी ही ओढाताण कोणते रबर फार काळ सोसेल? अशा वेळी नुसती चकती बदलली, तर नवी चकतीही जुनीच्याच वाटेने जाते.

ही रेषा तपासण्याची रीत सोपी आहे. कपलिंगच्या दोन्ही अर्ध्यांवर पोलादी सरळपट्टी आडवी ठेवावी. ती दोहोंवर सारखी टेकली पाहिजे. मग दोन्ही पंजांमधील फट वर, खाली, उजवीकडे व डावीकडे अशी चार ठिकाणी फिलर गेजने मोजावी. मापांत फरक आढळल्यास इंजिनाची बैठक दुरुस्त करावी किंवा तिच्याखाली पातळ पत्रे घालून तो फरक काढावा.

छिद्र लांबट झाले असेल, तर ते थोडे मोठे करून त्या मापाची नवी पिन बसवता येते. फार झिजले असेल, तर ते काम लेथ चालवणाऱ्या कारागिराकडे सोपवावे. येथे एक मोह टाळावा. पिनेच्या जागी हाताशी आलेला बोल्ट घालून पुष्कळ जण वेळ मारून नेतात. स्प्रिंग पिन दाबून बसते व छिद्राला आतून घट्ट भिडून राहते. बोल्ट मात्र छिद्रात किंचित सैल असतो. प्रत्येक धक्क्याला तो छिद्राच्या कडेवर आदळतो आणि शेवटी काही रुपयांची पिन वाचवताना दांडाच वाया जातो.

सर्व भाग जोडल्यावर इंजिन प्रथम भाराशिवाय, मंद गतीने चालवावे. आवाज कान देऊन ऐकावा. काही तास काम झाल्यावर नट-बोल्ट पुन्हा तपासावेत.

असा ट्रॅक्टर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाही नसेल. पण विहिरीवरच्या पंपसेटजवळ जाऊन पाहा. मोटर आणि पंप यांच्यामध्येही बहुधा असेच कपलिंग असते व त्यात रबराचे बुश असतात. ते वारंवार तुटत असतील, तर मोटर आणि पंप एका रेषेत आहेत का, हे आधी पाहावे. तुटलेला भाग पुष्कळदा दोषी नसतो. दोष दुसरीकडे असतो आणि त्याची झीज तो सोसत असतो. त्याने दिलेली सूचना जो समजून घेतो, त्याला तेच काम पुन्हापुन्हा करावे लागत नाही.