पेरणीच्या तोंडावरचे दोन हजार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जून महिन्याचा दुसरा आठवडा डोळ्यांसमोर आणा. मृग लागलेला आहे, आभाळ भरून येतं आहे आणि तालुक्याच्या गावातल्या कृषी केंद्रांवर गर्दी आहे. या गर्दीत दोन तऱ्हेची माणसं असतात. एक जण पुढे होतो, वाणाचं नाव सांगतो, पैसे मोजतो आणि पिशव्या घेऊन निघतो. दुसरा जरा बाजूला उभा राहतो. गर्दी ओसरायची वाट पाहतो, कारण त्याला उधारी मागायची असते आणि ती चारचौघांत मागवत नाही. त्याला वाण निवडता येत नाही, भावही विचारता येत नाही. दुकानदार देईल ती पिशवी आणि लिहील तो आकडा.

शेतकऱ्याच्या खात्यात थेट जमा होणाऱ्या रकमेबद्दल आज बोलायचं आहे. ‘एवढ्याशा पैशानं काय होणार?’ असं एक बाजू म्हणते. ‘फुकटच्या पैशानं माणूस आळशी होतो’, असं दुसरी म्हणते. दोन्ही बाजूंना त्या बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाचा हिशेब सहसा ठाऊक नसतो. तो आपण करून पाहू.

आधी योजना काय आहे ते बघू. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी, म्हणजे पीएम-किसान, २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर इथून सुरू झाली. पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, सरळ बँक खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, ती त्याच वर्षी काढण्यात आली. प्राप्तिकर भरणारे, बहुतेक सरकारी नोकर, डॉक्टर-वकिलांसारखे व्यावसायिक यांना मात्र वगळलं आहे. महाराष्ट्रानं २०२३ साली नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू करून यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी इथून वाटण्यात आला. दोन्ही मिळून झाले वर्षाचे १२,०००, म्हणजे महिन्याला हजार.

हजार रुपये कमी की जास्त? राष्ट्रीय नमुना पाहणीनं २०१८-१९ या शेती वर्षात देशातल्या शेतकरी कुटुंबांची पाहणी केली होती. सरासरी मासिक उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये. त्यात प्रत्यक्ष पिकांपासून मिळालेला वाटा ३,७९८ रुपयांचा आणि मजुरीचा ४,०६३ रुपयांचा. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो, असा याचा अर्थ. अशा घरात महिन्याचे हजार रुपये ही काही चैनीची रक्कम नव्हे, पण अगदीच नगण्यही नाही.

आता हिशेब. समजा यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब आहे. तीन एकर कोरडवाहू जमीन, कपाशीत तुरीच्या ओळी, घरात नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि म्हातारी आई. २०२४ च्या खरिपात बीटी कपाशीच्या पाकिटाची सरकारनं ठरवलेली कमाल किंमत ८६४ रुपये होती. तीन पाकिटांचे झाले २,५९२. डीएपीची गोणी १,३५० रुपयांना, दोन गोण्यांचे २,७००. युरियाच्या दोन गोण्यांचे ५३३. बेरीज ५,८२५ रुपये. नांगरणी, निंदण, फवारणी हे सगळं पुढे राहिलंच आहे, हा फक्त बी जमिनीत पडण्याचा खर्च झाला.

हे पैसे घरात नसतील तर ते उधारीवर किंवा व्याजानं येतात. व्याज शेकडा पाच रुपये महिना धरा. जूनमध्ये घेतलेले पैसे कापूस विकून डिसेंबरात फेडले तर सहा महिन्यांचं व्याज होतं सुमारे १,७५० रुपये. याच घरात पेरणीच्या आधी दोन हजार हातात आले, तर तेवढं कर्ज कमी घ्यावं लागतं आणि ६०० रुपये व्याज वाचतं. म्हणजे वेळेवर आलेले दोन हजार या घराला सव्वीसशेच्या मोलाचे पडतात.

आणि खरा फरक व्याजाच्याही पुढचा आहे. पेरणीला ज्यानं पैसा दिला, त्याचं त्या पिकावर आधीच नाव लागलेलं असतं. दिवाळीच्या सुमाराला पहिली वेचणी घरात येते आणि त्याच वेळी देणेकरी दारात येतो. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पण हमीभावानं विकायचं तर केंद्रावर नोंदणी करा, नंबर लागायची वाट पाहा, ओलावा तपासून घ्या, मग पैसे खात्यात येणार. आज रात्रीच पैसे हवे असलेल्या माणसाला हा रस्ता बंद असतो. तो गावात आलेल्या व्यापाऱ्याला माल देतो. समजा त्यात क्विंटलमागे पाचशे रुपये कमी मिळाले. आठ क्विंटलवर गेले चार हजार. घरात पंधरा दिवसांचं मीठ-मिरची आणि आईचं औषध भागेल एवढी रोख असती, तर हे चार हजार वाचवायची संधी त्याला मिळाली असती. थांबता येणं ही शेतकऱ्याची मोठी ताकद आहे, आणि गरीब शेतकऱ्याकडे नेमकी तीच नसते.

आळशीपणाच्या शंकेचं उत्तर आपल्या शेजारच्याच राज्यात मिळतं. मध्य प्रदेशात इंदूरच्या परिसरातील आठ गावांत २०११ पासून ‘सेवा’ या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं एक प्रयोग केला. प्रत्येक प्रौढाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०, कोणतीही अट न घालता दिले. लोक कामं सोडून बसले का? नाही. उलट लहान शेतकऱ्यांनी दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात जास्त राबायला सुरुवात केली. बी-खतावर खर्च वाढला, शेळ्या-जनावरं घेतली गेली, सावकाराकडच्या खेपा कमी झाल्या. पैसा दारूत जातो, हाही समज तपासला गेला आहे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा अशा मदतीनं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं आढळलं नाही.

मग सगळं आलबेल आहे का? तसं नाही. पहिली अडचण वेळेची. पीएम-किसानचा एक हप्ता एप्रिल ते जुलै या काळासाठी असतो. २०२३ साली तो आला २७ जुलैला, पेरण्या होऊन गेल्यावर. २०२४ साली तो १८ जूनला आला, पण राज्याचा हप्ता ऑगस्टमध्ये. उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या एका अभ्यासात असं दिसलं, की हंगामात मिळालेला हप्ता शेतीत जातो आणि हंगाम नसताना मिळालेला घरखर्चात. घरखर्चही गरजेचाच, पण पेरणीची नड भागवायची असेल तर पैसा मे अखेरीला पोचला पाहिजे. तेलंगणानं २०१८ साली सुरू केलेल्या रयतू बंधू योजनेमागचा विचार हाच होता. तिथे एकरी चार हजार रुपये प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला द्यायचे ठरले होते.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. पैसा कसणाऱ्याला मिळत नाही, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळतो. ठोक्यानं किंवा बटईनं शेती करणारा सगळी जोखीम घेतो आणि हप्ता मालकाच्या खात्यात जातो. नवऱ्याच्या मागे शेत सांभाळणाऱ्या बाईचं नाव वारस म्हणून लागलेलं नसेल, तर जिला सर्वांत जास्त गरज, तीच बाहेर राहते.

तिसरी गोष्ट, रोख रक्कम सगळ्याची जागा घेऊ शकत नाही. २०२३ साली महाराष्ट्रानं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये द्यायला सुरुवात केली. आधी माणशी पाच किलो धान्य मिळत होतं. म्हणजे किलोला ३० रुपये झाले. बाजारात गहू-तांदूळ महागला की पोत्यातलं धान्य तेवढंच राहतं, पण दीडशे रुपयांत बसणारं धान्य कमी होतं. सिंचन, हमीभावाची खरेदी, पीक विमा, रेशन यांना जोड म्हणून रोख मदत फार उपयोगाची आहे. त्यांच्याऐवजी ती देऊ केली तर हिशेब उलटा पडतो.

शेवटी कामाच्या चार गोष्टी सांगतो. आपलं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन विचारा. ई-केवायसी राहिली असेल तर जवळच्या सेवा केंद्रात करून घ्या. हप्ता अडकण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. घरातला कर्ता गेला असेल तर वारस नोंदीचा अर्ज लांबवू नका, आणि शेजारच्या घरात तशी बाई असेल तर तिच्यासोबत तलाठ्याकडे एक चक्कर मारा. आणि हप्ता जमा झाला की त्यातले बियाण्याचे पैसे आधी बाजूला काढा. दोन हजारांनी कुणाचं दैन्य फिटत नाही. पण येत्या मृगात त्या दुकानासमोर बाजूला उभा राहणारा एखादा माणूस गर्दीत पुढे होऊन म्हणू शकेल, ‘ही पिशवी नको, ती द्या. आणि पावती पण द्या.’